वजन उतरवायचं होतं

दातांच्या लॅबमध्ये काम करणाऱ्याला पेशंट सहसा दिसत नाही. जळगावात सराफ बाजारालगतच्या गल्लीत आमची लॅब आहे. डॉक्टरांकडून माप येतं, सोबत चिठ्ठी येते, काम झालं की आम्ही पाठवून देतो. त्या दिवशी मात्र दातांच्या डॉक्टर मॅडमचा फोन आला, "चिठ्ठीवर भागणार नाही, तुम्हीच या. पेशंट बसलेत. त्यांचा जुना ऑब्च्युरेटर एकदा हातात घेऊन बघा." ऑब्च्युरेटर म्हणजे टाळूचं भोक बुजवणारी कवळी.

काका पारोळा तालुक्यातले, कापूस लावणारे. २०२१ मध्ये कोरोनातून उठले आणि काळ्या बुरशीनं गाठलं. मधुमेह आधीपासून होता, त्यात स्टेरॉइडची भर. जीव वाचवायचा तर वरचा जबडा उजव्या बाजूनं मध्यापर्यंत काढण्यावाचून इलाज नव्हता. अशा काढलेल्या जबड्यांची अरामनी यांनी १९७८ साली जी वर्गवारी केली, तिच्यात हा पहिला वर्ग: टाळूची एक बाजू पूर्ण गेलेली, दात फक्त दुसऱ्या बाजूला. चिठ्ठीवर 'क्लास १' एवढंच लिहिलेलं मी अनेकदा वाचलंय. त्याचा अर्थ समोर बसलेला पहिल्यांदाच पाहिला.

तोंड आणि नाक यांच्यामधला पडदाच उरलेला नसतो. पाण्याचा घोट घेतला की नाकातून बाहेर. प, ब, ट, द म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते. ती नाकातून निसटते आणि सगळं बोलणं गेंगाणं होतं. काका फोनवर बोलणं टाळायचे. काकू म्हणाल्या, "लग्नाला जातात, पण पंगतीत बसत नाहीत. घरी आल्यावर वरणात कुस्करून खातात, तेही पाठ करून."

ते भोक बुजवायला कवळीच्या वरच्या अंगाला अ‍ॅक्रिलिकचा फुगीर भाग, म्हणजे बल्ब, जोडतात. दुसरीकडे करून घेतलेला त्यांचा जुना ऑब्च्युरेटर पूर्ण भरीव होता. काका तो शर्टाच्या खिशात स्टीलच्या डबीत ठेवायचे. तोंड उघडलं की खाली यायचा, मग बसवणार कशाला? मी तो शेजारच्या सराफाच्या काट्यावर ठेवला. ४६ ग्रॅम. सोनं तोलणाऱ्या माणसानंही मान हलवली.

खालची कवळी वजनानं बसते, वरची वजनानं पडते. त्यातून काकांचे सगळे दात डाव्या बाजूला आणि बल्ब उजवीकडे. काठीच्या एका टोकाला गाठोडं बांधून दुसरं टोक मुठीत धरावं, तसं. दातांना धरणारे तारेचे क्लॅस्प कितीही घट्ट केले तरी ते वजन उरलेल्या दातांनाच हलवत राहतं. हे दात गेले तर पुढे ऑब्च्युरेटर अडकवायला जागाच उरत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की अशा कामात वजन आधी ठरवावं, रंग आणि दातांची ठेवण नंतर बघावी.

मॅडमनी माप घेतलं ते मी उभं राहून पाहिलं. अल्जिनेट, म्हणजे मापाचा मऊ लगदा, नाकाच्या पोकळीत खोल अडकू नये म्हणून आधी दोरा बांधलेला गॉज आत बसवला. नंतर ग्रीन स्टिकनं, म्हणजे गरम केल्यावर मऊ होणाऱ्या मापाच्या कांडीनं, कडा घेताना काकांना मान दोन्हीकडे वळवायला, गिळायला, जबडा डावी-उजवीकडे सरकवायला लावलं. गाल आणि खालच्या जबड्याचं हाड हलताना बल्बला कुठे घासणार, हे तेव्हाच कळतं.

बल्ब पोकळ करायच्या रीती बऱ्याच आहेत. थर्माकोल मला पटत नाही, मोनोमर, म्हणजे अॅक्रिलिक मळायचा द्रव, त्याला विरघळवून टाकतो. मी मीठ वापरतो. फ्लास्कमध्ये, म्हणजे साचा धरणाऱ्या धातूच्या डब्यात, मेण काढून झालं की पोकळीच्या भिंतीला अ‍ॅक्रिलिकच्या मळलेल्या गोळ्याचा साधारण दोन मिलिमीटरचा थर द्यायचा, मधे मीठ भरायचं, वरून दुसरा थर. मोनोमर मिठाला काही करत नाही. मग ७४ अंशांवर आठ तास सावकाश शिजवायचं. मोनोमर शंभर अंशांच्या आसपास उकळतो. घाई केली की अ‍ॅक्रिलिकला बारीक छिद्रं पडतात आणि छिद्रांचा बल्ब म्हणजे घाणीचं घर. शिजल्यावर टाळूच्या बाजूनं दोन बारीक भोकं पाडून सिरिंजनं पाणी मारत राहायचं, आतलं मीठ पूर्ण निघेपर्यंत. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि इथेच मन लावावं लागतं. मग भोकं सेल्फ क्युअरनं, म्हणजे न शिजवता घट्ट होणाऱ्या अॅक्रिलिकनं, बंद करायची.

वरून उघडा बल्ब आणखी हलका होतो, हे खरं. पण त्यात नाकातला स्राव साचतो, रोज आतून घासावा लागतो. दिवसभर शेतात धुळीत राबणाऱ्याला मी बंद बल्बच देईन.

बंद केल्यावर पाण्याची परीक्षा. अ‍ॅक्रिलिक पाण्यापेक्षा जड असतं, भरीव तुकडा बुडतो. हा तरंगला. हातानं दाबून धरला, बुडबुडा आला नाही. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी पुन्हा सराफाकडे: २९ ग्रॅम, आदल्या दिवशी होते तेवढेच. सांध्यातून पाणी आत शिरलं असतं तर काट्यानं सांगितलं असतं.

बसवायच्या दिवशीही मी गेलो. मॅडमनी काकांना ताठ बसवून पेल्यातून पाणी प्यायला दिलं. त्यांनी सवयीनं आधी नाकाशी रुमाल धरला. एक घोट, दुसरा घोट. रुमाल कोरडा. रुमालाकडे बघत ते काकूंना म्हणाले, "आते नाकमाईन पानी येत नही." आणि ते आम्हा सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं. काकू काही बोलल्या नाहीत, त्यांनी पेला पुन्हा भरून पुढे केला. मॅडमनी डोळे पुसले. मीही.

नंतर गालाकडची एक कड टोचत होती, ती मॅडमनी घासून दिली. जखमेचा भाग अजून आकसला तर बल्बला नवा थर द्यावा लागेल, हेही समजावलं. थंडीत काकांचा लॅबवर फोन आला. आवाज ओळखायला मला वेळ लागला, कारण तो फोनवर ऐकलाच नव्हता. शेतात भरताची पार्टी होती, कळण्याची भाकरी सगळ्यांसोबत बसून खाल्ली म्हणाले. मग कामाचं बोलले: पुतण्याचं लग्न ठरलंय, हा कुठे पडला-फुटला तर? दुसरा करून ठेवता येईल का, अन् तोही २९ ग्रॅमचाच? कास्ट, म्हणजे मापावरून केलेला जबड्याचा नमुना, जपून ठेवलाय म्हटलं. मॅडमना एकदा दाखवून घ्या, माप तेच बसत असेल तर लगेच सुरू करतो.