कणकुंबीत न वाळलेलं चित्र

सकाळच्या बसनं जांबोटीमार्गे कणकुंबीला गेलो. मलप्रभा इथं उगम पावते आणि पार कुडलसंगमला जाऊन कृष्णेला मिळते. पण आज नदी काढायची नव्हती, नुसता हिरवा बघायचा होता. (घरात बसून ट्यूबमधला हिरवा वापरून कंटाळलोय.)

माउलीच्या देवळाजवळ छत्री मानेत धरून बसलो. धुकं एवढं की पहिला वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) अर्ध्या तासानंही ओलाच. आकाशाचा निळा झाडीत उतरला, झाडी खाली भातात. वैतागून कागद फाडणार, तेवढ्यात शेताकडं निघालेली एक आज्जी इरलं सावरत थांबली.

"काय करायलास रे बाळ?"

चित्र दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं. "एवढं हिरवं कुठनं आणलास? पावसात झाड काळंच दिसतंय की." आणि गेली.

मान वर केली. खरंच की! जांभळाचं खोड भिजून शाईसारखं काळं. हिरवा फक्त पानांच्या कडांना, तोही पिवळसर. वीस वर्षं रंगवतोय मी!

चित्र शेवटपर्यंत वाळलं नाही. परतताना बसमध्ये मांडीवर आडवं धरून बसलो, तर कंडक्टर म्हणतो, "पापड हाय काय?"