उंदीर सांभाळायला एम.एस्सी. कशाला?

मिरजेला गेले की हा प्रश्न ठरलेला असतो. लग्नाच्या पंगतीत, देवळाच्या पायरीवर किंवा शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात कोणीतरी विचारते, "अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत बारा वर्षं होतीस ना गं? नक्की काय करायचीस तिथं?" मी "जंतुविरहित उंदीर सांभाळत होते" असे खरे ते सांगते. मग कोणी गणपतीच्या वाहनाचा विनोद करतो, आणि विनोद ओसरला की खरा प्रश्न येतो : "पण उंदीर सांभाळायला एमेस्सी कशाला लागते?" परवा तुम्हीही तेच विचारलंत. त्यात टोमणा नव्हता, नुसते कुतूहल होते, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिते आहे.

आमच्या प्रयोगशाळेचा विषय आतड्यांतील सूक्ष्मजीव आणि रोगप्रतिकारशक्ती यांचे नाते हा होता. प्रमुख प्राध्यापक एक, त्यांच्याकडे चार पोस्टडॉक (म्हणजे पीएच.डी. झाल्यावर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काम करणारे संशोधक), पाच पीएच.डी.चे विद्यार्थी, दोन टेक्निशियन आणि सगळ्यांच्या ऑर्डरी, परवाने आणि भांडणे निस्तरणारी एक लॅब मॅनेजर. हे सगळे पाचव्या मजल्यावर बसत. आम्ही तिघे तळघरात, उंदीरघरात. पाचव्या मजल्याला खिडक्या होत्या आणि पाहुण्यांना तोच मजला दाखवला जाई. तळघरात पाहुणे आणायला बंदी होती, कारण पाहुण्यांबरोबर जंतूही येतात.

जंतुविरहित उंदीर म्हणजे ज्याच्या कातडीवर, तोंडात किंवा आतड्यात एकही जिवाणू नाही असा उंदीर. तो ज्या आयसोलेटरमध्ये राहतो, तो म्हणजे जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा, हवेने फुगवलेला, साधारण पलंगाएवढा तंबू. आत येणारी हवा गाळून येते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवलेला असतो, म्हणजे कुठे बारीक छिद्र पडलेच तर हवा बाहेर जाईल, आत येणार नाही. तंबूच्या भिंतीलाच रबरी हातमोजे जोडलेले असतात. त्यांत खांद्यापर्यंत हात घालून आतले पिंजरे उघडायचे, भुसा बदलायचा, पिल्ले मोजायची. खुराक, पाणी आणि भुसा स्टीलच्या नळकांड्यात भरून ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर निर्जंतुक करायचे, ते नळकांडे तंबूच्या दुहेरी दाराला जोडायचे, मधल्या जागेत क्लोरिन डायऑक्साइडचा फवारा मारायचा, ठरलेला वेळ घड्याळ लावून थांबायचे आणि मगच आतले दार उघडायचे. साध्या उंदीरघरात जे काम दहा मिनिटांत आटोपते, त्याला आमची सकाळ जात असे. त्या फवाऱ्याचा वास केसांतून जात नसे, आणि पहिले वर्षभर मला आपण जलतरण तलावावर नोकरीला आहोत असेच वाटत असे.

एवढा खटाटोप कशासाठी, हे त्या उंदराचे शरीर उघडल्यावर कळते. त्याचे आंधळे आतडे फुगून नेहमीच्या कित्येक पट झालेले असते. आतड्याच्या भिंतीत रोगप्रतिकारक पेशींच्या ज्या वसाहती असायला हव्यात त्या खुरटलेल्या असतात, आणि आतड्यात स्रवणारे आयजीए हे प्रतिपिंड अगदी थोडे असते. जीवनसत्त्व 'के' त्याला खुराकातूनच पुरवावे लागते, कारण एरवी ते पुरवण्यात जिवाणूंचा मोठा वाटा असतो. रोगप्रतिकारशक्ती जन्मतः तयार मिळत नाही, जंतूंच्या सहवासात ती घडते, ही गोष्ट मी कोल्हापूरला एम.एस्सी. करताना वाचली होती. हातमोज्यातून तो उंदीर हातात घेईपर्यंत ती मला समजली नव्हती.

असे प्राणी जगू शकतात हेच मुळी फार काळ कोणाला मान्य नव्हते. जंतूंशिवाय प्राण्याचे जगणे अशक्य असावे, असे १८८५ मध्ये खुद्द पाश्चर यांनी म्हटले होते. दहा वर्षांनी बर्लिनमध्ये नटॉल आणि थीरफेल्डर या दोघांनी गिनीपिगचे पिल्लू आईचे पोट फाडून निर्जंतुकपणे बाहेर काढले आणि रात्रंदिवस निर्जंतुक दूध पाजून काही दिवस जगवून दाखवले. पण हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालवण्याची सोय केली ती अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या जेम्स रेनियर्स यांनी. त्यांच्या घरी यंत्रे बनवण्याचा कारखाना होता, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी या कामासाठी पोलादी कक्ष बनवायला घेतले. १९५७ मध्ये फिलिप ट्रेक्सलर यांनी पोलादाच्या जागी लवचीक प्लॅस्टिक आणले आणि खर्च इतका उतरला की इतर विद्यापीठांनाही हे परवडू लागले. मी ज्यात हात घालून बसत असे तो तंबू त्याच घराण्यातला. या विषयाच्या मुळाशी यंत्रकाम करणारी माणसे आहेत याचे मला फार अप्रूप वाटते, आणि वर्गात हे कोणी शिकवले नाही याचा थोडा रागही येतो.

आता मूळ मुद्दा. इतर विषयांत प्राणी सांभाळणे हे प्रयोगाच्या तयारीचे काम असते. आमच्या विषयात सांभाळणे हाच प्रयोग असतो. याचे मला माहीत असलेले उत्तम उदाहरण न्यूयॉर्क विद्यापीठातील डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेचे आहे.

लिटमन हे मूळचे टी पेशींचे, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे, अभ्यासक. एचआयव्ही पेशीत शिरताना सीसीआर५ नावाच्या दाराचा उपयोग करतो, हे १९९६ मध्ये ज्या गटांनी दाखवले त्यांत त्यांचा गट होता. त्यांच्याकडे इव्हायलो इव्हानोव्ह हे पोस्टडॉक होते. टीएच-१७ नावाच्या टी पेशी, म्हणजे आतड्याच्या भिंतीत पहारा देणाऱ्या आणि बिघडल्या तर सांधे किंवा मेंदूवर उलटणाऱ्या पेशी कोणत्या जनुकाच्या हुकमाने तयार होतात, हे त्यांनी २००६ मध्ये दाखवले. त्यानंतरच्या कामात एक विचित्र गोष्ट पुढे आली. टॅकॉनिक या पुरवठादाराकडून आलेल्या उंदरांच्या लहान आतड्यात या पेशी भरपूर होत्या. जॅक्सन प्रयोगशाळेकडून आलेल्या त्याच जातीच्या काळ्या उंदरांत त्या जेमतेम होत्या. अशा वेळी पुष्कळ जण एक पुरवठादार धरून दुसरा सोडतात आणि पुढे चालू लागतात. मी स्वतः तसे होताना पाहिले आहे. इव्हानोव्ह आणि त्यांचे सहकारी तिथेच थांबले. त्यांनी दोन्हीकडचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे एकत्र ठेवणे म्हणजे आतड्यांतील जंतूंची देवाणघेवाण करणे. थोड्याच काळात जॅक्सनच्या उंदरांतही त्या पेशी दिसू लागल्या. म्हणजे फरक जातीचा नव्हता, बिऱ्हाडाचा होता.

मग तो नेमका कोणता जंतू, याचा शोध सुरू झाला आणि संशय एका लांब, दोऱ्यासारख्या, खंडाखंडांच्या जिवाणूवर आला. शास्त्रीय भाषेत त्याला सेगमेंटेड फिलामेंटस बॅक्टेरिया म्हणतात, आम्ही नुसते एसएफबी म्हणायचो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात तो भिंतीला चिकटून राहतो. अडचण अशी की त्या वेळी तो कोणालाही प्लेटवर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या बशीत, वाढवता येत नव्हता. तो जगत होता फक्त उंदरांच्या पोटात. जपानमध्ये योशिनोरी उमेसाकी यांनी, तेही याकुल्ट कंपनीच्या संशोधन संस्थेत (होय, तीच ती छोट्या बाटलीतली याकुल्ट), आतड्यात फक्त हा एकच जिवाणू असलेले उंदीर सांभाळले होते. केन्या होंडा आणि उमेसाकी यांच्या सहकार्याने ती कडी जुळली. जंतुविरहित उंदरांना हा एकच जिवाणू दिला आणि टीएच-१७ पेशी तयार झाल्या. २००९ मध्ये हा निबंध 'सेल' या नियतकालिकात आला. हे उंदीर उंदरांच्याच एका आतड्याच्या रोगजंतूला अधिक चांगले तोंड देतात, हेही त्यात दाखवलेले होते. पुढच्याच वर्षी हार्वर्डमधील डियान माथिस आणि क्रिस्टोफ बेनॉईस्ट यांच्या गटाने नाण्याची दुसरी बाजू दाखवली. संधिवाताकडे झुकलेल्या जातीच्या उंदरांना जंतुविरहित ठेवले तर आजार सौम्य राहतो, आणि हाच जिवाणू दिला की तो उफाळतो. हा जिवाणू प्लेटवर, तोही उंदराच्या पेशींच्या सोबतीने, वाढवणे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत जमले ते २०१५ मध्ये. तोवर या जिवाणूचे बियाणे म्हणजे कोणीतरी सांभाळलेल्या उंदराच्या गोठवलेल्या लेंड्या. कोणत्या नळीत कोणाच्या लेंड्या आहेत हे पेनाने लिहिणारा जो कोणी असेल, त्याच्या अक्षरावर सगळी इमारत उभी होती.

आमच्याकडचे अक्षर माझे होते, आणि आमच्याकडची चूकही माझीच. तिसऱ्या वर्षी एका पोस्टडॉकला घाईने जास्त खुराक हवा होता. मी नळकांडे नेहमीपेक्षा दाबून भरले. दाबून भरलेल्या खुराकाच्या गाभ्यापर्यंत वाफ पुरती पोचत नाही, हे मला पाठ होते, तरी भरले. दर पंधरवड्याला आम्ही प्रत्येक तंबूतील लेंड्यांची तपासणी करत असू, आणि त्या प्लेटवर काही उगवू नये यासाठीच आमचा पगार होता. त्या सोमवारी उगवले. मायक्रोस्कोपखाली बीजाणू धरणारे दांडुके दिसले, उकळत्या पाण्यालाही न जुमानणाऱ्या जातीचे. सात महिने वाढवलेली उंदरांची वसाहत गेली. त्या पोस्टडॉकने आवाज चढवला नाही, पण तिचा व्हिसा त्या निबंधावर अवलंबून होता आणि ती दोन दिवस जेवायला आमच्यात बसली नाही. प्राध्यापकांनी फक्त एकच विचारले, "पुन्हा किती दिवसांत?" पुन्हा म्हणजे दिवस भरलेल्या मादीचे गर्भाशय काढून, जंतुनाशकातून बुडवून तंबूत घ्यायचे, आत त्यातून पिल्ले काढायची, आणि नुकत्याच व्यायलेल्या जंतुविरहित मादीने ती आपली म्हणून स्वीकारावीत याची वाट पाहायची. ती स्वीकारील किंवा खाऊन टाकील. पहिल्या खेपेला तिने खाल्ली.

हा विषय उंदरांशीच संपत नाही, हेही सांगायला हवे. २०१३ मध्ये लिटमन यांचा गट आणि त्याच विद्यापीठातील संधिवाताचे डॉक्टर होझे शेर यांनी रुग्ण आणि निरोगी लोकांचे मिळून ११४ मलनमुने तपासले, आणि नव्याने संधिवात झालेल्या, औषध सुरू न केलेल्या रुग्णांत प्रिव्होटेला कोप्री हा जिवाणू जास्त आढळला. तो निबंध आमच्याकडे वाचला गेला त्या दिवशी मला मिरजेहून शेजारच्या काकूंचा फोन आला होता, पण मी त्यांना त्याबद्दल काही बोलले नाही. प्रिव्होटेला कुळातील जिवाणू धान्य-डाळी खाणाऱ्या भारतीय आतड्यांत मुबलक असतात, आणि 'सोबत आढळला' याचे 'त्यानेच केला' व्हायला आपल्याकडे एक व्हॉट्सॲप पुरते. मला मात्र त्यात आठवतात ते नमुने देणारे लोक. सांधे सुजलेले असताना डबी भरून आणून देणाऱ्या त्या माणसांचे नाव कुठेच छापले जात नाही, आणि गोपनीयतेसाठी ते योग्यच आहे.

आमची नावे छापून येतात का, असेही विचारतात. येतात कधीकधी, शेवटी, आभाराच्या ओळीत. पहिले नाव हाताने काम करणाऱ्या पोस्टडॉकचे किंवा विद्यार्थ्याचे, शेवटचे प्राध्यापकांचे, हा या क्षेत्रातला रिवाज आहे. मला त्याची तक्रार नाही. बारा वर्षांत दोन निबंधांत माझे नाव लेखकांच्या यादीत आले, मधोमध, आणि त्या दोन्ही वेळी मी खरोखरच काही सुचवले होते. नुसत्या भुशासाठी लेखक म्हणून नाव घालावे, असे मलाही वाटत नाही. मात्र निबंधातील 'पद्धती' या भागात उंदीर कुठून आणले, काय खात होते आणि कोणाबरोबर राहत होते हे दोन ओळींत उरकलेले दिसले, की मी पुढचे निष्कर्ष जरा हात राखून वाचते.

आता एम.एस्सी.चे. खरे सांगायचे तर ती लागतेच असे नाही. प्लेटवर उगवलेले काय आहे हे ओळखायला मला तिचा उपयोग झाला. पण आमच्या तिघांत सर्वांत तयार हात ज्यांचा होता, ते गृहस्थ शाळेनंतर थेट या कामाला लागले होते आणि सव्वीस वर्षे त्यांनी याखेरीज दुसरे काही केले नव्हते. मोज्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र असले तर ते त्यांना हात घालताक्षणी कळे. कसे, ते त्यांना सांगता येत नसे. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझे शिक्षण विचारले नाही. माझ्या हातांकडे पाहिले, आणि अंगठी, बांगड्या काढून ठेवायला आणि नखे कापून यायला सांगितले.