रेनडिअरच्या पायातला पाश्चरायझर

डिसेंबरात कोल्हापूरचा पारा उतरला की गोठ्यात म्हशीच्या पाठीवर पोतं पडतं. इथे उत्तर नॉर्वेत, फिनमार्कच्या पठारावर, उणे 30 अंशांत रेनडिअर उघड्या बर्फावर बसून निवांत रवंथ करतो. वाढलेल्या जनावराला इतक्या थंडीपर्यंत ऊब टिकवायला जादा चारा जाळावाच लागत नाही.

पोतं त्याच्या अंगावरच असतं, तेही दुहेरी. खाली दाट, बारीक लोकर, वर हवेच्या कप्प्यांनी भरलेले जाड केस. थंडी अडवते ती ही कोंडलेली हवा.

खरी गंमत पायात आहे. बारीक पाय, त्यांवर मांस नाही, खाली बर्फ. डेअरीत पाश्चरायझर, म्हणजे दूध तापवून जंतू मारणारं यंत्र, पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. 4 अंशांचं कच्चं दूध आत येतं, 72 अंशांना तापून परत फिरतं, मध्ये पातळ प्लेटा. जाणारं दूध आपली उष्णता येणाऱ्याला देऊन जातं आणि जळण वाचतं. रेनडिअरच्या पायात धमनी आणि शिरा अशाच चिकटून असतात. खाली उतरणारं गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला तापवतं. धड 38-39 अंशांवर, खालचे पाय मात्र 10च्या आसपास! इतक्या थंडीत चरबी घट्ट व्हायला हवी, गार झालेल्या रश्श्यावर साय धरते तशी. पण खुराकडची चरबी वेगळी, तेलासारखी मऊ राहणारी. नाकातही हाच हिशोब: आतल्या पातळ हाडांच्या गुंडाळ्यांवरून बाहेर पडणारा श्वास ऊब आणि ओल तिथेच ठेवून जातो.

इतकं सगळं अंगावर असताना पळायची वेळ आली तर उलटीच पंचाईत. उष्णता बाहेर निघत नाही, मग कडाक्याच्या थंडीत हा प्राणी तोंड उघडून धापा टाकतो.

त्याला मारतो तो पाऊस. नवजात वासरू भिजलं की केसांतली हवा जाते आणि वारा थेट कातडीला भिडतो. मोठ्यांचं मरण चाऱ्यात असतं. हिवाळ्यात पाऊस पडून गोठला की खालच्या दगडफुलासारख्या लायकेनवर काचेसारखा थर बसतो आणि खुरांनी तो फुटत नाही. नोव्हेंबर 2013 मध्ये रशियाच्या यामाल द्वीपकल्पावर अशाच पावसानंतर सुमारे 61,000 रेनडिअर उपासमारीने गेले.

अशा वेळी कळपवाले बाहेरून चारा आणतात, पण घाईने नाही. पोटातले जंतू लायकेनला सरावलेले, त्यात उपाशी जनावर. एकदम वाळलं गवत घातलं तर पचत नाही, भरल्या पोटी जनावर मरतं. पेंड एकदम वाढवल्यावर म्हशीचं काय होतं, हे गोठ्यातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून आधी लायकेन, मग त्यात थोडं थोडं नवं खाद्य मिसळत न्यायचं, आणि तेही जनावर पार खंगायच्या आत.