मग १४१५ चं काय?

मी १९८४ च्या दहावीच्या तुकडीचा. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा पहिली आठवली ती नववीच्या सहामाहीची इतिहासाची उत्तरपत्रिका. प्रश्न होता: युरोपियनांनी नवे सागरी मार्ग का शोधले? पाच गुण. माझं उत्तर तोंडपाठ होतं. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, खुष्कीचे व्यापारी मार्ग बंद झाले, मसाल्याचे पदार्थ मिळेनासे झाले, म्हणून युरोपियन समुद्रमार्गे निघाले. सरांनी तीन गुण दिले आणि समासात लाल शाईने लिहिलं, "मग १४१५ चं काय?"

पुस्तकातलं उत्तर शब्दशः लिहून दोन गुण गेलेले. मी तणतणतच सरांकडे गेलो. सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तासाला जगाचा तो फाटका नकाशा घेऊन आले आणि मलाच सेऊटा शोधायला लावलं. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं, जिब्राल्टरच्या समोरचं ते बंदर पोर्तुगालने १४१५ मध्ये जिंकलं. १४३४ मध्ये जिल एआनिश सहाराच्या किनाऱ्यावरचं बोजादोर भूशिर ओलांडून गेला. त्यापलीकडे गेलेला माणूस परतत नाही, असं तोवर खलाशी मानत. "दार बंद झालं १४५३ ला," सर म्हणाले, "आणि हे लोक त्याआधी अडतीस वर्षं कसली वाट शोधत होते?"

मिरीचंही त्यांनी सांगितलं. मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून इजिप्तला जाई, अलेक्झांड्रियाला व्हेनिसचे व्यापारी ती विकत घेत. इजिप्त मामलुक सुलतानांच्या हातात होता आणि तुर्कांनी तो घेतला १५१७ मध्ये. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडल्यावरही मिरी युरोपात पोचतच होती. फक्त वाटेतला प्रत्येक जण आपला हिस्सा काढून घेत होता, आणि त्यातला मोठा हिस्सा जिच्या पदरात पडे, त्या व्हेनिसचा पोर्तुगालला हेवा होता.

पण मिरी फार नंतरची. आधी ओढ होती सोन्याची. पश्चिम आफ्रिकेचं सोनं उंटांवरून सहारा ओलांडून उत्तरेच्या बंदरांत येई. युरोपात तेव्हा नाण्यांसाठी सोन्याचांदीचा तुटवडा होता आणि पोर्तुगालला धान्यही पुरत नव्हतं. वाळवंटाला वळसा घालून सोन्याच्या मुळापर्यंत जाता आलं तर? १४८२ मध्ये गिनीच्या किनाऱ्यावर त्यांनी किल्ला बांधला, त्याच्या नावातच 'मिना', म्हणजे खाण, आहे. शिवाय इबेरियात मुसलमान राजवटींशी चाललेल्या शतकानुशतकांच्या लढाया होत्याच. पलीकडे कुठेतरी प्रेस्टर जॉन नावाचा बलाढ्य ख्रिस्ती राजा आहे, तो आपल्याला मिळेल, ही त्यांची मनापासूनची समजूत होती.

आणि माणसं. १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागोश गावी २३५ आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून उतरवली. वाटणी करताना आया-मुलांची ताटातूट झाली, हे राजाच्याच बखरकाराने लिहून ठेवलंय. हे सांगताना सरांचा आवाज खाली गेला होता. 'शोध' हा शब्द फळ्यावर लिहिताना त्यानंतर ते नेहमी क्षणभर थांबत.

सरांच्या त्या लाल ओळीने मला बोटीवर नेलं असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही. मर्चंट नेव्हीत तीसेक वर्षं काढली. कॅनरी बेटांवरून दक्षिणेला उतरताना वारा आणि प्रवाह दोन्ही पाठीशी असतात. शिडाच्या जहाजाला जाणं सोपं, परतणं अवघड, आणि बोजादोरची भीती हीच होती. पोर्तुगीज खलाशांनी त्यावर जी युक्ती काढली तिला ते 'व्होल्ता दो मार' म्हणतात. घराकडे यायचं तर किनारा सोडून उलट वायव्येला, भर अटलांटिकमध्ये शिरायचं. तिकोनी शिडाने, आपल्या मचव्याला असतं तसल्या, वाऱ्याला तिरकं कापत आसोरेस बेटांच्या अक्षांशापर्यंत जायचं. तिथे पश्चिमेचे वारे लागतात, ते सरळ लिस्बनला आणून सोडतात. १४९३ मध्ये कोलंबस परतला तोही आसोरेसवरूनच. तो बरीच वर्षं पोर्तुगालात राहिलेला होता. हाव आणि धर्मवेड जगात सगळीकडेच होतं. पण घरापासून दूर जाऊन घरी पोचायची ही विद्या पिढ्यानपिढ्या साठवावी लागते, आणि माझ्या मते खरं उत्तर तिच्यातच आहे. जहाजाच्या ब्रिजवर उभा असताना मला हे कितीदा वाटलं.

वास्को द गामा १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला पोचला, तेव्हा त्याच्या पहिल्या माणसाला किनाऱ्यावर ट्युनिसचे दोन मुसलमान भेटले. त्यांनी विचारलं, इथे कशाला आलात? उत्तर होतं, ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला. त्या सफरीवरच्या एकाची रोजनिशी उरली आहे, तिच्यात हे आहे. सामुरी राजासाठी आणलेला नजराणाही तिच्यात नोंदलाय: पट्ट्यापट्ट्यांचं कापड, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुवायची सहा भांडी, साखर, तेल, मध. राजाची माणसं हसली. मक्केचा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त देतो, म्हणाली.

ऑगस्टच्या अखेरीस गामा कालिकतहून निघाला. येताना आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून वाटाड्या मिळाला होता, पोर्तुगीज बखरकार तो गुजराती असल्याचं लिहितात. नैर्ऋत्येचा वारा धरून त्याने सव्वीस दिवसांत समुद्र पार करून दिला. परतताना आपल्या कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबून ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाले, तेव्हा आफ्रिका दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून तीस माणसं मेली, आणि हात कमी पडले म्हणून एक जहाज जाळावं लागलं.

हा धडा सरांनी वर्गात शिकवलाच नाही. श्रावणात आम्हाला जेटीवर नेलं. होड्या शाकारून ठेवलेल्या, नारळी पौर्णिमा चार दिवसांवर. जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलाला सरांनी विचारलं, "काका, गणपतीच्या सुमारास शिडाची होडी घेऊन आफ्रिकेला निघालं तर?" तांडेलाने वरही पाहिलं नाही. "वारो खंय आसा? दिवाळेपर्यंत रवाक होया त्येका." आम्ही मुलं एकमेकांकडे बघत राहिलो. ईशान्येचा वारा सुटेपर्यंत थांबायचं, एवढंच. आमच्या जेटीवर हे सगळ्यांना माहीत होतं.

सर निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी माझं जहाज लिस्बनला लागलं. बेलेंच्या मठात गामाची कबर आहे, ती पाहिली आणि नदीकाठावरून सरांना फोन लावला. आवाज थकलेला होता. मी कुठे उभा आहे ते सांगितलं.

"वारा कुठला आहे?" सरांनी विचारलं.

"उत्तरेचा. चांगलाच आहे."

"महिना?"

"जुलै, सर."

"आणि तो निघाला कधी?"

"आठ जुलै, १४९७."

"हां," सर म्हणाले. "आता घे तुझे ते दोन गुण."