फक्त गळा धरला होता

"तीन दिवस झाले, हिचा घसा बसलाय," नवऱ्याने सांगितलं. बाई गप्प. कान-नाक-घशाच्या ओपीडीत रेटारेटी होती. डॉक्टरांनी टॉर्च मारला, गुळण्या आणि गोळ्या लिहिल्या. बाईला एक शब्द विचारला नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

गोळ्या समजावताना माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेलं. खालची पापणी ओढून पाहिली. आत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, दोन्ही डोळ्यांत. ना ताप, ना खोकला. गळा आवळला की डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही, बारीक रक्तवाहिन्या फुटतात, त्याचे हे ठिपके. मानेवर वळ नव्हता. पुष्कळदा नसतोच.

बीपी घ्यायचंय म्हणून नवऱ्याला बाहेर बसवलं.

"ताई, घरी कोणी मारतं का?"

"नाही सिस्टर, मारत नाहीत." मग घोगऱ्या आवाजात, "त्या दिवशी फक्त गळा धरला होता."

गिळताना दुखतं? हो. डोळ्यांपुढे अंधारी आली होती? हो. तेव्हा नकळत लघवी होऊन कपडे ओले झाले होते का, यावर तिने मान खाली घातली.

डॉक्टरांना परत बोलावलं. ठिपके, आवाज, गिळणं, सगळं केसपेपरवर चढलं. पोलीस नकोत म्हणाली, तेही तिच्याच शब्दांत लिहिलं. सूज नंतर वाढते, मानेतल्या रक्तवाहिनीला इजा असेल तर काही दिवसांनीही पक्षाघात होतो, म्हणून राहा म्हटलं. मुलं घरी एकटी आहेत, म्हणाली.

चिठ्ठी दिली असती तर ती नवऱ्याच्या हाती लागली असती. म्हणून महिला हेल्पलाइनचा 181 तोंडपाठ करून घेतला, जिवावर बेतलं तर 112. पोलिसांत न जाताही घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या 2005च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, वकील फुकट मिळतो, घर कुणाच्याही नावावर असो, तिथे राहायचा हक्क तिचा आहे, हे सांगितलं. सखी केंद्रात, म्हणजे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, मुलांसकट काही दिवस राहता येतं, हे ऐकल्यावर तिने पहिल्यांदा वर पाहिलं.

मग ती त्याच्याबरोबरच गेली. ज्याने एकदा गळा आवळला त्याच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका कैकपट असतो, हे मला माहीत होतं. तिला ते इतक्या स्पष्ट शब्दांत सांगायला माझी जीभ रेटली नाही. शुक्रवारची तारीख दिली होती. ती आली नाही.

आता मी "मारतात का" एवढ्यावर थांबत नाही. "गळ्याला हात लावलाय का कधी?" हेही विचारते. या महिन्यात दोघींनी हो म्हटलं. वळ दोघींच्याही गळ्यावर नव्हता.