ऑपरेशनचं इंजेक्शन

कोल्हापुरात राजारामपुरीत एका टेस्ट ट्यूब सेंटरच्या लॅबला असतो मी. काम काय तर मायक्रोस्कोपला डोळा लावून शुक्राणू मोजायचे, पाव्हण्यांनी विचारलं की नुसतं 'लॅबला आहे' म्हणतो.

आषाढात एक जोडपं आलं, सोबत सासूबाई. पोरगा जिममधला, दंडाला बीपीचा पट्टा पुरेना. बायकोच्या फाईलमध्ये चार वर्षांचे कागद, गर्भनलिकेचा एक्सरे दोनदा काढलेला, आणि ह्याची टेस्ट एकपण नाही! रोजचंच आहे हे, तरी डोकं फिरतंच.

सॅम्पल 37 डिग्रीला अर्धा तास ठेवलं, थेंब टाकला, तर फील्ड रिकामं. सरकवत सरकवत एखादा दिसतोय तोपण जागच्या जागी शेपूट वळवळत पडलेला. एमएलला 3 मिलियन, म्हणजे तीस लाख. डब्ल्यूएचओच्या 2021 च्या पुस्तकात खालची लिमिट 16 आहे. परत मोजलं, तेवढंच.

फॉर्मवर 'औषधं' समोर 'नाही' लिहिलेलं. बाहेर येऊन म्हटलं, भावा, जिमला काय घेतोस का? आधी 'प्रोटीन ओ फक्त', मग आई पाणी प्यायला उठल्यावर हळूच, "ते ऑपरेशनला बीपी वाढवायला देतात ते, व्यायामाआधी मारतोय, दोन वर्षं झाली."

मेफेन्टरमाइन. स्पायनल, म्हणजे पाठीतली भूल दिल्यावर बीपी पडला तर भूलतज्ज्ञ देतात ते, आणि ही पोरं डंबेल उचलायला टोचून घ्यायलेत.

काउंट पाचच्या खाली म्हणून डॉक्टरांनी वाय मायक्रोडिलिशन आणि कॅरिओटाइप, म्हणजे सगळे क्रोमोसोम तपासायची टेस्ट, लिहिलं. वाय क्रोमोसोमचा तुकडाच गायब असला तर तो जन्मापासूनचा, इंजेक्शनशी संबंध नाही, पण इक्सी करून, म्हणजे एकच शुक्राणू सुईनं स्त्रीबीजात सोडून, पोरगा झाला तर तोच दोष त्याच्यात जातो. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले. डीएनए फ्रॅगमेंटेशन मात्र जास्त. त्यानं घाबरून विचारलं, म्हणजे माझं जीन बदललं? तसं नव्हे, अक्षरं तीच आहेत, धागा जागोजागी तुटलाय. डॉक्टर स्पष्ट म्हणाले की सगळं त्या बाटलीमुळंच असं मी छातीठोक सांगणार नाही, ह्याच जातीच्या मेथॲम्फेटामाइननं उंदरांच्या वृषणातल्या पेशी मरताना दिसल्यात, माणसांवरचा अभ्यास कमी आहे, पण तू आजपासून बंद कर.

"आठवड्यात फरक पडंल न्हवं?" म्हणाला. आज दिसतोय तो शुक्राणू अडीच-तीन महिन्यांपूर्वी बनायला लागलेला असतो, हे सांगितल्यावर गडी बोटांवर मोजत बसला, म्हणजे दसरा झाल्यावर.

दसऱ्यानंतर आला, 11 मिलियन. लिमिटच्या खालीच, पण हलत होते. रिपोर्ट बायकोनंच हातातून घेतला आणि सासूबाईंना न दाखवता पर्समध्ये टाकला.