गुहागरच्या खाऱ्या हवेत गाडी सांभाळायचा माझा अनुभव

आमची गाडी २०१४ ची पेट्रोल वॅगनार. घर गुहागरला, समुद्र इतका जवळ की पावसाळ्यात रात्री गाज घरात ऐकू येते, आणि बायकोचं माहेर कराडला, म्हणजे गाडीच्या नशिबी इकडे खारी हवा आणि तिकडे कुंभार्ली घाट. फिरणं तसं कमीच, त्यामुळे सर्व्हिस बुकात लिहिलेले दहा हजार किलोमीटर वर्षात कधी पूर्णच होत नाहीत. आणि इतकी वर्षं ही गाडी वापरल्यावर माझं पक्कं मत झालंय की कोकणात गाडी किलोमीटर बघून सांभाळता येत नाही, नक्षत्र बघूनच सांभाळावी लागते. पुण्यामुंबईत गाड्या चालून झिजतात, इथं उभ्या उभ्या सडतात. पाऊस चार महिने आहे, पाणी कुठून ना कुठून शिरणारच, ते शिरलेलं पाणी बाहेर कसं जाईल आणि आतलं सगळं वाळेल कसं एवढंच बघायचं असतं, बाकी मेंटेनन्स त्याच्या मागून येतो.

गाडीचं वर्ष माझ्या हिशोबाने मे महिन्यात सुरू होतं. घरात कशी मिरगाच्या आधी आगोट भरतात, लाकडं रचून ठेवतात, कौलं चाळून घेतात, तशीच गाडीची आगोट असते आणि ती सात जूनच्या आत व्हायलाच पाहिजे.

मे मध्ये मी सगळ्यात आधी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी बघतो, कारण सुट्टीत कराडला जाताना चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू आणि समोर घाटाची चढण, गाडी तापायची असेल तर ती तिथंच तापते. कमी झालं म्हणून विहिरीचं पाणी ओतायचं नाही हो कृपा करून. आमच्याकडे किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते रेडिएटरमधे गेलं की आतून क्षार धरतो आणि गंजही चढतो. तयार मिसळलेलं कूलंट मिळतं ते घ्यायचं, नाहीतर निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर. आणि गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

बॅटरीचं एक लोकांच्या लक्षात येत नाही, बॅटरी मरते उन्हाळ्यात पण कळतं पावसात किंवा थंडीत. उष्णतेने ती आतून खराब होत जाते, आणि मग जुलैमधे लाइट, वायपर, ब्लोअर सगळं एकदम चालू झालं की हात टेकते. म्हणून मे मधेच व्होल्टेज बघून घेतो, रात्रभर उभ्या गाडीचं सकाळी साडेबाराच्या वर असेल तर चांगलं, १२.६ म्हणजे फुल, आणि इंजिन चालू केल्यावर पावणेचौदा ते साडेचौदाच्या आसपास दाखवत असेल तर चार्जिंगही ठीक आहे. साधा मीटर असला तरी पुरतो. टर्मिनलवर पांढरी हिरवट पावडर धरते, खाऱ्या हवेत जरा जास्तच, तिला गरम पाणी आणि खायचा सोडा लावला की फेस येऊन निघून जाते, पुसून कोरडं करायचं आणि वरून व्हॅसलीन. काढताना आधी मायनसची वायर काढायची, लावताना मायनस शेवटी.

वायपरची रबरं एप्रिलमधे बदलण्यात अर्थ नाही, मे च्या उन्हात ती नवीन पण कडक होतात, मी मे च्या शेवटच्या आठवड्यातच बदलतो. टायरचं तसंच, कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, खाचांमधे छोटे उंचवटे असतात तिथपर्यंत टायर घासला की संपला, पण आमच्या घाटात पावसाळ्यात १.६ वर कोणी गाडी चालवू नये असं माझं म्हणणं आहे. तीनच्या खाली गेला की मी पावसाआधीच बदलून टाकतो. नक्षी खोल असेल तरच टायरखालचं पाणी बाजूला फेकलं जातं, नाहीतर गाडी पाण्यावर तरंगायला लागते आणि स्टेअरिंग फिरवून उपयोग होत नाही. आणि नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला असंही नाही, कमी फिरणाऱ्या गाडीचं रबर वयाने कडक होतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, समजा २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. घेताना दुकानात हे आकडे वाचूनच घ्या, आणि स्टेपनीचेही वाचा, तिचं वय कोणी बघत नाही.

आता जे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. बॉनेट उघडलं की काचेच्या बुडाशी एक जाळी असते, तिच्याखाली वर्षभराचा कचरा साठतो, आंब्याची पानं, मोहोर, सुपारीची फुलं, सगळं कुजून काळी माती झालेली असते. पावसाचं पाणी तिथून खाली जायला भोकं असतात, ती बुजली की पाणी चढतं आणि ब्लोअरच्या वाटेने आत येतं, मग लोक म्हणतात पायाखालचं कार्पेट ओलं कसं झालं, काचेचं रबर गेलं वाटतं. रबर नव्वं असतं, पाचोळा काढलेला नसतो. तसंच प्रत्येक दरवाज्याच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात. काचेच्या फटीतून दरवाज्याच्या पोटात पाणी जातंच, ते खालून गळून जावं म्हणून ती दिलेली असतात. चिखलाने ती बंद झाली की दरवाजा आतून गंजतो आणि बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो. मी माडाच्या झापाचा हीर घेतो आणि एकेक भोक मोकळं करतो, हीर बारीक असतो आणि रंगालाही चरा पडत नाही, तारेने करू नका. मग बादलीभर पाणी त्या जाळीवर ओतायचं आणि खाली वाकून बघायचं कुठून पडतंय, लगेच धो धो पडलं तर झालं. एसीची पण एक नळी असते खाली, एसी चालू असताना तिच्यातून पाणी ठिबकलं पाहिजे, ठिबकत नसेल तर ते आत शेजारी बसणाऱ्याच्या पायावर ठिबकतं.

गंज लागू नये म्हणून गाडीला खालून कोटिंग करायचं का हे सगळे विचारतात. किनाऱ्यावर राहत असाल तर करा, पण कसं करताय ते बघा. आमचे मेस्त्री म्हणतात, "दादा, ओल्या पत्र्याव कोटिंग मारलंन तर गंज झाकून ठेवलान, दुसरा काय नाय." ते गाडी धुऊन, जुना गंज खरवडून, दोन दिवस उन्हात वाळल्याशिवाय हातच लावत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. दुपारी गाडी देऊन संध्याकाळी कोटिंग करून मिळत असेल तर पैसे वाया गेले समजा.

पाऊस सुरू झाला की नियम बदलतात. रात्री हँडब्रेक ओढून ठेवत नाही, मागचे ड्रम ब्रेक ओले राहिले की लायनर ड्रमला चिकटतात आणि सकाळी चाक फिरत नाही. पहिल्या गिअरमधे ठेवायची आणि चाकाला जांभ्याचा दगड लावायचा. माडाखाली उभी करायची नाही, झावळ पडली तरी पत्रा चेपतो, नारळाचं तर बोलायलाच नको. बॉनेटमधे उंदीर येतात, शेतात पाणी भरलं की त्यांना कोरडी गरम जागा पाहिजे असते आणि इंजिनपेक्षा चांगली कुठे मिळणार, वायरी कुरतडल्या की खर्च मोठा. कोण तंबाखूची पानं ठेवतं कोण डांबरगोळ्या, मी दोन्ही करून बघितलं, मला खरा फरक पडला तो रोज रात्री पडवीत गाडी उभी करून बॉनेट उघडं ठेवल्याने, उघडी गार जागा त्यांना आवडत नाही. बोका असेल तर अजून चांगलं.

आतल्या बुरशीचं सांगायलाच हवं. आषाढात आठ दिवस गाडी बंद राहिली की सीटवर, बेल्टवर, स्टेअरिंगवर पांढरी बुरी धरते आणि दार उघडलं की कुबट वास. परफ्यूमची बाटली लावून तो वास जात नाही, अजून वाईट होतो. मॅट काढून खाली रद्दी पेपर अंथरायचे आणि भिजले की बदलायचे, छत्री आत ठेवायची नाही, आणि श्रावणात ऊन पडलं रे पडलं की चारी दारं आणि डिकी सताड उघडी. कुठे जायचं नसलं तरी मी तीनचार दिवसांनी गाडी बाहेर काढतो, शृंगारतळीपर्यंत जाऊन येतो, इंजिन पूर्ण गरम होतं, बॅटरी चार्ज होते, ब्रेकच्या डिस्कवर धरलेला गंज घासून निघतो. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवून हे होत नाही. एसी पावसातच जास्त लागतो, तो हवेतला ओलावा ओढून घेतो म्हणून काचेवरची वाफ झटकन जाते, फक्त हवा आतल्या आत फिरवायचं बटण बंद ठेवा.

घाट उतरताना ज्या गिअरमधे चढलो त्याच गिअरमधे उतरायचं हे जुने ड्रायव्हर सांगतात ते खरंच आहे, ब्रेकवर पाय ठेवून कुंभार्ली उतरलात तर पायथ्याच्या पोफळीपर्यंत ब्रेक तापून जातात. आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्याने ते लवकर उकळायला लागतं आणि पेडल मऊ पडतं, म्हणून गाडी कितीही कमी फिरो दर दोन वर्षांनी बदलायचं. आमच्या दमट हवेत यात कंजुषी नको.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं त्यानंतर कितीतरी दिवस गॅरेजांसमोर चिखलाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा होत्या. त्या वेळी कळलेली गोष्ट परत परत सांगावीशी वाटते, पाण्यात बुडलेली किंवा पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करून बघू नका, एकदासुद्धा नाही. सिलिंडरमधे पाणी गेलेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो, इंजिन खलास. बॅटरी काढा आणि टो करून न्या. साध्या विम्यात असं इंजिन बहुतेक बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट म्हणून वेगळं कव्हर असतं, त्यातही पाण्यात स्टार्टर मारला असेल तर काय होतं ते पॉलिसीत आधीच वाचून ठेवा. नदीकाठी, खाडीकाठी राहणाऱ्यांनी तर ते घ्यावंच.

गणपतीनंतर अलाइनमेंट, कारण रस्त्यांची अवस्था सगळ्यांना माहितीये, आणि ऑक्टोबरचं कडक ऊन वाया घालवू नका. हत्तीचा पाऊस संपला की मी मॅट, सीट कव्हर सगळं काढून वाळवतो, गाडी खालून गोड्या पाण्याने प्रेशरने धुऊन घेतो, चाकाच्या कमानीच्या आतल्या कडेला चिखल बसलेला असतो तो बोटाने काढावा लागतो. एअर फिल्टर दिवाळीत बदलतो, पाऊस गेला की हाच चिखल तांबडी धूळ होऊन उडतो.

थंडी आमच्याकडे नावालाच, पण डिसेंबरात पहाटे कराडला गाडी काढली की टायरमधली हवा कमी वाटते, तापमान पाचसहा डिग्री उतरलं की हवेचा दाब साधारण एक पीएसआय कमी होतो, म्हणून हवा थंड टायरमधेच भरायची, दरवाज्याजवळच्या स्टिकरवर आहे तेवढीच. आणि मोहोर आला की आंब्याखाली गाडी नको, तुडतुड्यांचा चिकटा काचेवर रंगावर बसतो आणि त्यावर धूळ बसून काळं होतं, वायपर तर फिरवूच नका त्यावर, साबणाच्या कोमट पाण्याने आधी भिजवून मग पुसायचं.

ओळखीतले बरेच जण आता इकडची सेकंडहँड गाडी घेताना मला बरोबर नेतात. मी इंजिन शेवटी ऐकतो. आधी डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डा हाताने चाचपतो, मग दरवाज्याचं रबर ओढून आतली पत्र्याची कड बघतो, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढतो, कारण आत गुंडाळलेल्या भागावर पुराची रेघ असेल तर ती कोणी धुतलेली नसते, आणि सीटखालचे नटबोल्ट बघतो. ते गंजलेले असतील तर गाडी कितीही चकचकीत असू दे, मी सरळ घेऊ नका म्हणून सांगतो.